पुस्तकातला बघीरा आणि उसातला बिबट्या



आज कर्ज, व्याज, हप्ता यातलं काहीच बोलणार नाही. आज एका गोष्टीच्या पुस्तकातल्या जनावराबद्दल बोलायचं आहे, आणि ते जनावर त्या पुस्तकापर्यंत कसं पोचलं त्याबद्दल. विषय पोरासोरांचा वाटेल. पण आमच्या जुन्नर भागात राहणाऱ्या बाईला तो तसा वाटणार नाही.

झालं असं. आमच्या ग्रामसंघात बैठकीला उशिरा येणाऱ्या बाईला पाच रुपये दंड आहे. वर्षभरात दंड बराच साठला (उशिरा येणं काही थांबलं नाही, ते वेगळं) आणि सगळ्यांच्या मतानं त्या पैशांची मुलांसाठी पुस्तकं घेतली. पत्र्याची एक पेटी, तिच्यात चाळीसेक पुस्तकं. दर शनिवारी अंगणवाडीच्या ओट्यावर आम्ही वाचन घेतो. आधी संध्याकाळी घ्यायचो. आता बिबट्यामुळे दुपारी चारला घेतो आणि साडेपाचला मुलं घरी पोचवतो.

त्या पेटीत ‘जंगल बुक’ची एक मराठी आवृत्ती आहे, चित्रांची, लहान मुलांसाठी आटवलेली. मोगली, बाळू अस्वल, शेरखान आणि काळाभोर बघीरा. मी वाचत होते आणि दुसरीतल्या एका पोरानं विचारलं, “ताई, बघीरा म्हणजे बिबट्याच ना?” मी हो म्हटलं. ओटा एकदम गप्प झाला. त्याची आई मागं बसली होती. आठच दिवसांपूर्वी तिची गाभण शेळी गोठ्यातून गेली होती. ती म्हणाली, “ताई, ह्ये पुस्तक माझ्या पोराला नका देऊ. त्याला वाटंल, उसातला पण असाच गळ्यात पडून बोलतो.”

मला उत्तर सुचलं नाही. बाई काही खोटं बोलत नव्हती. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत बिबट्यानं माणसं नेली आहेत, त्यांत मुलंही आहेत. पण पुस्तक पेटीतून काढून टाकावं असंही वाटेना. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. तेव्हा सनावळ्या पाठ करण्यापलीकडं फारसं काही केलं नाही, पण एक सवय लागली, की एखादी गोष्ट कुठून आली ते आधी बघायचं. म्हणून हा बघीरा कुठला ते शोधायला बसले.

सुरुवातीलाच नावांचा गोंधळ. इंग्रजी पुस्तकात बघीरा ‘पँथर’ आहे. आपल्याकडं पँथर म्हटलं की आधी जनावर आठवत नाही, १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी उभी केलेली दलित पँथर आठवते. ते नाव त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं होतं. आमच्या वस्तीत ‘तो जुना पँथर आहे’ असं अजून एखाद्या आजोबांबद्दल म्हणतात. तर हा पँथर म्हणजे बिबट्याच. इंग्रज लोक बिबट्याला लेपर्डही म्हणत आणि पँथरही म्हणत, आणि त्यांच्यातल्या कित्येक शिकाऱ्यांना फार दिवस वाटत होतं की ही दोन वेगळी जनावरं आहेत. जनावर एकच. काळा बिबट्याही वेगळ्या जातीचा नाही. एकाच मादीच्या एकाच वेताला एक पिल्लू ठिपक्यांचं आणि एक काळं असू शकतं. काळ्याच्या अंगावरही ठिपके असतात, उन्हात नीट बघितलं तर दिसतात. ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्याला हे माहीत होतं, बघीराच्या काळ्या कातडीवरची नक्षी उजेडात कशी उमटते ते त्यानं लिहिलं आहे.

आणि बघीरा हे नाव? ते आपल्याच बाजूचं आहे. हिंदीत वाघाला बाघ, त्यावरून धाकटा वाघ तो बघेरा. आपल्याकडं म्हातारी माणसं बिबट्याला वाघरू म्हणतात ना, तसंच.

आमच्या पेटीतल्या दुसऱ्या एका पुस्तकात तर बिबट्याचं झकास चित्र काढलंय आणि खाली छापलंय ‘चित्ता’. ही चूक मराठी पुस्तकांत, तक्त्यांवर सर्रास दिसते. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे टिकले असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. बिबट्याचे ठिपके आतून पोकळ, फुलासारखे. भारतातला चित्ता संपल्याचं सरकारनं १९५२ साली जाहीर केलं, आणि २०२२ साली नामिबियातून आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडले. म्हणजे जे जनावर साठसत्तर वर्षं देशातच नव्हतं त्याचं नाव मुलांना येतं, आणि जे गोठ्यामागं बसलेलं असतं त्याचं नाव पुस्तकात चुकतं.

आता लिहिणाऱ्याकडं येते. रड्यार्ड किपलिंग. इंग्रज, पण जन्म मुंबईतला, ३० डिसेंबर १८६५. वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे आणि घर त्याच आवारात. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर दरवाज्यावर दगडात कोरलेली चित्रं आहेत ती बघा, ती या किपलिंगच्या वडिलांनी रेखलेली आहेत.

मोठ्या साहेबांच्या घरात असतं तसं या मुलाला सांभाळायला एक आया होती, आणि मीता नावाचा एक नोकर होता. नाव बाईचं वाटलं तरी तो बाप्या. किपलिंगनं म्हातारपणी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या तो गेल्यावर १९३७ साली छापल्या गेल्या. त्यात सुरुवातीलाच ही दोन माणसं आहेत. आया रोमन कॅथलिक होती. तो तिला पोर्तुगीज म्हणतो, पण तेव्हा मुंबईतले इंग्रज गोव्याकडच्या ख्रिस्ती माणसांना असंच म्हणत. ती त्याला सकाळी फळबाजारात घेऊन जायची, रस्त्याकडेच्या क्रुसापाशी उभी राहून प्रार्थना करायची. मीता देवळात जायचा, तेव्हा हा त्याचा हात धरून आत. दुपारी झोपायच्या आधी दोघांपैकी कुणीतरी गोष्टी सांगायचं, गाणी म्हणायचं, त्यांच्याच भाषेत. मग पोराला आवरून आईबापासमोर पाठवताना बजावायचं की आता इंग्रजीत बोल हं. किपलिंग कबूल करतो, की त्याला स्वप्नं नोकरांच्या बोलीत पडायची आणि इंग्रजी तो मनात भाषांतर करून अडखळत बोलायचा.

आता त्या आठवणींतली एक गोष्ट सांगते. ती वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. या मुलाच्या खोलीत भिंतीवर पेंढा भरलेलं बिबट्याचं डोकं टांगलेलं होतं. आया सांगायची, तू झोपतोस की नाही हे बघायला ते तिथं लावलंय. आपण नाही का सांगत, झोप नाहीतर बागुलबुवा येईल? पोर घाबरणारच. एक दिवस त्यानं मीताला विचारलं असेल, नाहीतर मीतानं आपणहून म्हटलं असेल. तो तुच्छतेनं बोलला, ते काय, जनावराचं डोकं आहे. संपलं. किपलिंग म्हणतो, त्यानंतर त्या डोक्याची आणि अंधाराची भीती मला वाटली नाही.

आयाचं नाव मात्र तो देत नाही. मीताचं देतो. पन्नास वर्षं लिहिणाऱ्या, जगभर मान मिळवलेल्या माणसाला फळबाजारातल्या फळांचे रंग आठवतात, भिंतीवरचं जनावर आठवतं, आणि जिच्या कडेवर बसून हे बघितलं तिचं नाव पानावर नाही. घरकामाला जाणाऱ्या आमच्या गटातल्या बायकांना हे वाचून दाखवलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

१८७१ साली हे सुख संपलं. साडेपाच-सहा वर्षांचा हा आणि तीन वर्षांची बहीण, दोघांना इंग्लंडमध्ये साउथसी गावी एका परक्या बाईच्या घरी पैसे देऊन ठेवलं आणि आईबाप परतले. तेव्हाचे गोरे साहेब असंच करत, हिंदुस्थानच्या हवेत पोरं जगत नाहीत म्हणून. त्या घरात मार, कोंडून ठेवणं, खोटं ठरवणं, सगळं सोसून सहा वर्षं काढली. एका जगातून उचलून दुसऱ्या जगात टाकलेलं पोर, ज्याला दोन्हीकडं धड आपलं म्हणत नाहीत. मोगली कुठून आला हे शोधायला मला तरी याहून लांब जावंसं वाटत नाही.

पुस्तक लिहिलं ते अमेरिकेत. १८९२चा हिवाळा, व्हर्मांट नावाचा थंडगार मुलूख, खिडकीपर्यंत बर्फ, घरात बायको दिवस भरत आलेली. त्या डिसेंबरात मुलगी झाली, जोसेफिन. बर्फात बसून हा माणूस लिहितोय सिवनीच्या जंगलाबद्दल! सिवनी म्हणजे आपल्या नागपूरच्या वरची, मध्य प्रदेशातली. वैनगंगा तिथंच उगम पावते आणि खाली आपल्या भंडारा, गडचिरोलीत येते. किपलिंग सिवनीला कधी गेलाच नव्हता. स्टर्नडेल नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याची सातपुड्यावरची पुस्तकं त्यानं वाचली होती, बाकीचं मनातलं. ‘जंगल बुक’ १८९४ साली आलं, दुसरा भाग १८९५ला.

टीव्हीवर आणि चित्रांच्या पुस्तकात दिसत नाही असा बघीरा मूळ पुस्तकात आहे. तो जंगलात जन्मलेला नाही. तो उदेपूरच्या राजवाड्यातल्या पिंजऱ्यात जन्मला. किपलिंग १८८७ साली वार्ताहर म्हणून उदेपूरला जाऊन आला होता. बघीराची आई त्या पिंजऱ्यातच मेली. लोखंडी थाळ्यातून खाणं मिळायचं. एका रात्री त्याला उमगलं की आपण बिबट्या आहोत, माणसाचं खेळणं नाही, आणि पंजाच्या एका फटक्यानं कुलूप तोडून तो निघाला. त्याच्या गळ्याखाली केस नसलेला एक चट्टा आहे, पट्ट्याचा. जंगलात कुणालाच हे माहीत नाही. तो फक्त मोगलीला हात लावून बघायला सांगतो.

मोगलीचा जीव कसा वाचतो तेही आमच्या गटातल्या बायकांना लगेच कळलं. लांडग्यांच्या सभेत कायदा असा, की ज्या पिल्लाबद्दल वाद आहे त्याच्यासाठी आईबाप सोडून दोघांनी बोललं पाहिजे. म्हणजे दोन जामीनदार! बाळू अस्वल उभा राहतो. दुसरं कोणी उठत नाही. बघीराला सभेत बोलायचा हक्कच नाही, तो लांडगा नाही. पण त्याला कायद्यातली दुसरी अट माहीत असते, की किंमत मोजून पिल्लाचा जीव विकत घेता येतो. तो नुकताच मारलेला एक धष्टपुष्ट बैल देतो आणि पोर सुटतं. मी हे सांगताच एक वहिनी म्हणाल्या, “म्हंजे बाळू जामीन राहिला आन् बघीऱ्यानं रोख भरली.” मोगलीची लांडगीण आई रक्षा तर त्याआधीच शेरखानासमोर उभी राहिलेली असते. किपलिंगनं रक्षा या नावाचा अर्थ राक्षसीण असा दिलाय. आपण राखीला ज्या अर्थानं रक्षा म्हणतो तो त्याला कुणी सांगितला नसावा.

हे पुस्तक जगभर गेलं, आणि जाता जाता बघीरा बदलत गेला. सगळ्यांत गंमत झाली रशियात. रशियन भाषेत पँथरसाठीचा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून भाषांतरात बघीरा बाई झाली. पोलिश भाषेतही तसंच. मॉस्कोत १९६७ ते १९७१ या काळात मोगलीवर कार्टूनपट निघाले, त्यात बघीरा डौलदार, तापट, लाडिक अशी मादी आहे, आवाजही नटीचा. पिढ्यान्‌पिढ्या रशियन मुलांना ती मोगलीची काळी मावशीच वाटत आली. त्याच १९६७ साली अमेरिकेत डिस्नेचा सिनेमा आला, त्यातला बघीरा शिस्तीचा, किरकिरा, मास्तरासारखा बाप्या. आपल्याकडं १९९३ साली दूरदर्शनवर जपानमध्ये बनलेली मालिका हिंदीतून आली. शीर्षकगीत गुलजारांचं, शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. आमच्या वाडीत दोनच टीव्ही होते. रविवारी सकाळी पंधरावीस पोरं एका खोलीत, आणि मालकीणबाई म्हणायच्या, चपला बाहेर आणि शेरखान आला की ओरडायचं नाही. मी फार लहान होते, कडेवरची म्हणा ना. पण तो आवाज लक्षात आहे.

किपलिंगनं बिबट्यावर लहान मुलांसाठी आणखी एक गोष्ट लिहिली, बिबट्याला ठिपके कसे आले त्याची. ती १९०२ सालच्या पुस्तकात आहे. आधी बिबट्या वाळूच्या रंगाचा होता, मग त्याच्याबरोबर शिकार करणाऱ्या काळ्या माणसानं पाची बोटं जुळवून आपला रंग त्याच्या अंगावर ठिकठिकाणी टेकवला, ते ठिपके. या पुस्तकातल्या गोष्टी त्यानं आपल्या जोसेफिनला झोपताना सांगायला सुरुवात केली होती. एक शब्द बदललेला तिला चालायचा नाही. ती १८९९ साली न्यूमोनियानं गेली, सहा वर्षांची. पुस्तक आलं तेव्हा ऐकणारी नव्हती. गोष्ट गोड आहे, पण मूळ छापील गोष्टीत काळ्या माणसासाठी एक घाण शब्द आहे. नंतरच्या आवृत्त्यांतून तो काढला गेला. किपलिंग साम्राज्याचा माणूस होता. गोऱ्यांनी इतरांवर राज्य करणं हे कर्तव्यच, असं तो उघड लिहायचा. मी हे लपवणार नाही आणि त्यासाठी पेटीतून पुस्तकही काढणार नाही. आयानं सांगितलेल्या गोष्टींवर वाढलेला मुलगा मोठेपणी आयाच्या माणसांबद्दल काय म्हणाला, तेही मुलांनी मोठं झाल्यावर वाचावं.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. ‘जंगल बुक’मध्ये जंगल आणि गाव यांच्यामध्ये ठळक रेघ आहे. जंगलाचा कायदा वेगळा, गावाचा वेगळा. मोगली गावात टिकत नाही, जंगलातही शेवटी टिकत नाही. दुसऱ्या भागात तर तो हत्ती, रानडुकरं, हरणं आणून एक गाव पुसून टाकतो. त्याच गोष्टीत एक प्रसंग आहे. मोगलीला जीव लावणाऱ्या मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला गावकरी चेटूक म्हणून बांधून घालतात. मोगली दोघांना सोडवतो, आणि त्यांच्या जागी झोपडीत बाजेवर बघीरा पसरतो. गावकरी दार उघडतात तर समोर हा जांभई देतोय. आमच्याकडं स्वयंपाकघरात, पडवीत, शाळेच्या वर्गात बिबट्या सापडल्याच्या बातम्या येतात, तेव्हा मला हाच प्रसंग आठवतो. फरक इतकाच की पुस्तकात तो धडा शिकवायला आलेला असतो. आमचा कुत्र्याच्या मागं आलेला असतो.

बिबट्याला ही रेघ माहीत नाही. कुकडीच्या धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला. वर्ष दीड वर्ष उभा राहणारा, दाट, पाण्याजवळचा ऊस. मादी त्यातच विते. तिच्या कितीतरी पिल्लांनी जंगल पाहिलेलंही नाही. तरी आपण काय म्हणतो? धरा आणि जंगलात नेऊन सोडा. मीही म्हणायचे, मोर्चातही म्हटलंय. पण हे करून झालेलं आहे, आमच्याच तालुक्यात. २००१ पासून बिबटे पकडून दूर जंगलात सोडायला लागले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. सोडायला लागल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ते १७ वर गेले. अनोळखी जागी टाकलेलं, बिथरलेलं जनावर. साउथसीला टाकलेल्या पोराची गोष्ट मी उगीच सांगितली नाही.

‘आजोबा’ सिनेमा काहींनी पाहिला असेल. तो खरा बिबट्या पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला होता. २००९ साली गळ्यात पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो चालत सुटला आणि सव्वाशेएक किलोमीटरवर थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत माणसाला हात लावला नाही. २०११ साली गाडीखाली मेला.

पुस्तकातली रेघ आपल्या आज्यांच्या गोष्टीत नव्हती. अकोले, जुन्नर, इगतपुरीकडं आदिवासी वाड्यांवर वसुबारसेच्या दिवशी वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य, गुराखी पोरं वाघ, अस्वल होऊन नाचतात. पालघर-ठाण्याकडच्या वारली लोकांची वाघोबाची ठाणी अभ्यासकांनी मोजली, ती दीडशेच्या आसपास भरली. २०२१ साली ते छापून आलं. त्यांच्यातल्या एका कथेत वाघोबा बाईच्या पोटी जन्मतो. पुढं तो वाघ होऊन जनावरं मारायला लागतो, लोक उठतात, आणि आई मध्ये पडून करार करते, की लोकांनी वर्षाचा मान द्यायचा आणि त्यानं त्यांना सांभाळायचं. तिथंही जीवाच्या बदल्यात किंमत ठरवून दिलेली आहे, बघीराच्या बैलासारखी. तो देव आहे म्हणून लोक गाफील राहतात, असं मात्र नाही. नैवेद्य देतात आणि गोठ्याचं दारही लावतात.

हे सगळं मी पुढच्या शनिवारी त्या शेळीवाल्या बाईसमोरच सांगितलं, मुलांना कळेल तेवढं. पिंजरा, पट्टा, कुलूप. मग पुस्तकातली एक गोष्ट खोटी आहे तेही सांगितलं, आणि रेडिओवर तुम्हालाही सांगते, घरी सांगा. पुस्तकात जनावरं मोगलीच्या डोळ्यांत बघू शकत नाहीत, तो रोखून बघितल्यावर मान वळवतात. खऱ्या बिबट्याशी हा खेळ कुणी करायचा नाही. उसाच्या कडेला परसाकडं वाकून बसलेलं मूल त्याला लहान जनावरासारखं दिसतं. अंधार पडायला लागला की एकट्या पोराला बाहेर पाठवायचं नाही, जाताना बॅटरी आणि बोलणं चालू ठेवायचं. बिबट्या दिसलाच तर वळून पळत सुटायचं नाही, त्याला कोंडायचं नाही, भोवती गर्दी करायची नाही.

बाई ऐकत होती. मग म्हणाली, “त्याची आई पिंजऱ्यातच मेली म्हणताय?” मी हो म्हटलं. तिनं सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी तोडणीच्या वेळी तिला सरीत दोन पिल्लं दिसली होती, मांजराएवढी. मुकादमानं तोड थांबवली, वनखात्याची माणसं आली. त्यांनी पिल्लं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवली आणि सगळ्यांना लांब पिटाळलं. रात्री मादी आली आणि एकेक करून घेऊन गेली. “मी तवा बाळंतीण हुते,” ती म्हणाली, “घरात बसून निस्ता आवाज येतोय का ऐकत हुते.” ही गोष्ट तिनं पोराला कधी सांगितली नव्हती. पुस्तक घरी न्यायला तिनं त्या दिवशी काही हो म्हटलं नाही. पोरानं ते ओट्यावरच बसून वाचावं, असं ठरलं.

‘चित्ता’वर आम्ही पेनानं रेघ मारून ‘बिबट्या’ लिहिलं. आणि पेटीत एक दोनशेपानी वही ठेवली आहे. ज्या आजीला वाघोबाची, वाघराची गोष्ट येते तिनं सांगायची, आणि पाचवी-सहावीतल्या मुलीनं लिहून घ्यायची. वर सांगणारीचं पूर्ण नाव घालायचं, ही अट मी घातली आहे. पहिली गोष्ट एका पंचाहत्तर वर्षांच्या आजी सांगतायत. आठ पानं झाली, अजून वाघ गावाच्या शिवेपर्यंतही आलेला नाही. आजी आधी गावात कोण कोण राहायचं ते सांगतायत.